सेटिंग बदलून नेट फास्ट होतं का? डायल-अपपासून आजच्या मोबाइलपर्यंतचा हिशेब

बालाघाट : संध्याकाळी मोबाइलवर मेसेज येतो, 'आजचा डेटा संपला.' नेट पूर्ण बंद होत नाही. बहुतेक प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो. व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण फोटो फिरत राहतो आणि फॉर्मचं पान उघडता उघडत नाही. मग ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'एपीएन बदला, डीएनएस टाका, नेट पळेल.' दुसरा एखाद्या 'बूस्टर' ॲपची लिंक पाठवतो.

हा प्रश्न नवा नाही. टेलिफोनच्या तारेवर नेट चालायचं तेव्हाही असेच नुस्खे फिरायचे. विंडोजच्या रजिस्ट्रीत अमुक आकडा टाका, मोडेमला तमुक कमांड द्या, वेग दुप्पट होईल. ते खरं होतं का? कुठलं खरं, कुठलं खोटं आणि कुठलं अर्धवट? हे एकदा नीट समजून घेतलं की आजच्या मोबाइलचंही बरंच कोडं सुटतं. कारण डेटा संपल्यावर आपल्या खिशात जो वेग उरतो, तो जवळजवळ डायल-अपचाच आहे.

टेलिफोनच्या तारेतून किती माल जातो?

टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली होती. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज ती पुढे नेते. बोलणं समजायला तेवढं पुरतं. मोडेमचं काम म्हणजे कॉम्प्युटरचे आकडे आवाजात बदलायचे, तारेतून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा आकडे करायचे. कनेक्ट होताना जो किर्र-कर्र आवाज यायचा, तो दोन्ही मोडेम एकमेकांशी वेग ठरवत असल्याचा आवाज होता. लाइन कशी आहे हे तपासून ते आपसात सौदा करायचे, आणि त्या सौद्यात ठरलेला वेग हीच त्या कॉलची मर्यादा असायची.

डिजिटल एक्सचेंज प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं आणि प्रत्येक नमुना ८ बिटचा असतो. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट. हीच ती ६४ केबीपीएस. एका टेलिफोन कॉलला एक्सचेंजमध्ये एवढीच जागा मिळते. कॉम्प्युटरवर काहीही बदललं तरी त्या जागेपेक्षा जास्त माल जाणार नाही.

मोडेमचा वेग टप्प्याटप्प्याने वाढला. १९९०च्या दशकाच्या मध्यात २८.८ आणि मग ३३.६ केबीपीएस आला. १९९८मध्ये '५६ के' मोडेमसाठी व्ही.९० हे मानक ठरलं. त्यातही ५६ फक्त आपल्याकडे येणाऱ्या मालासाठी होतं. आपल्याकडून जाणारा माल ३३.६नेच जायचा. पुढे व्ही.९२ने तो ४८पर्यंत नेला.

व्ही.९०ची एक अट होती. सर्व्हरपासून आपल्या घरापर्यंतच्या रस्त्यात डिजिटलचं ॲनालॉग फक्त एकदाच व्हायला हवं, तेही आपल्या शेवटच्या एक्सचेंजला. मध्ये कुठे आणखी एकदा ॲनालॉग जोड आला की ५६ विसरायचं. मोडेम गुपचूप ३३.६ किंवा त्याखाली उतरायचा. डब्यावर ५६ लिहिलेलं असायचं, पण गावात ५६ मिळणं एक्सचेंजवर आणि मधल्या लिंकवर अवलंबून होतं.

एक एमबी म्हणजे किती मिनिटं?

सोपा हिशेब धरू. ८ बिट म्हणजे १ बाइट. १० लाख बाइटची, म्हणजे साधारण १ एमबीची फाइल म्हणजे ८० लाख बिट.

- ५६ केबीपीएस पूर्ण मिळाले तर सुमारे २ मिनिटं २३ सेकंद
- ३३.६ केबीपीएसवर सुमारे ४ मिनिटं
- २८.८ केबीपीएसवर सुमारे ४ मिनिटं ३८ सेकंद

हे सगळं लाइन मध्ये तुटली नाही तर. तुटली की बरेचदा पुन्हा पहिल्यापासून. आणि वेळ म्हणजे पैसा होता. लोकल कॉलचा पल्स तीन मिनिटांचा असताना एका तासाला २० पल्स पडायचे. नेटचे तास वेगळे, टेलिफोनचं बिल वेगळं. जिथून सर्व्हरचा नंबर लोकल लागत नसे, तिथे एसटीडीचा मीटर पळायचा. म्हणून 'वेग वाढवणारी सेटिंग' ही त्या काळात हौस नव्हती, बिल कमी करायची धडपड होती.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सुरू केलं, तेही मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा महानगरांत. खासगी कंपन्यांना नोव्हेंबर १९९८पासून परवानगी मिळाली. आपल्यासारख्या जिल्ह्यांत नेट म्हणजे बरीच वर्षं सायबर कॅफे आणि टेलिफोनची तार. बीएसएनएलचं ब्रॉडबँड १४ जानेवारी २००५ला आलं. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलं होतं. आज ही व्याख्या २ एमबीपीएसवर गेली आहे.

त्या काळचे नुस्खे : कोणता खरा, कोणता खोटा?

*१. एमटीयू १५००चं ५७६ करा.* हा सगळ्यात गाजलेला नुस्खा. नेटवरचा माल पॅकेटमध्ये बांधून जातो. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट, तो आकडा म्हणजे एमटीयू. विंडोज ९५ डायल-अपलाही १५०० धरायचं. हा आकडा मुळात ऑफिसच्या केबल नेटवर्कचा.

३३.६ केबीपीएसवर १५०० बाइटचं एक पॅकेट जायला सुमारे ०.३६ सेकंद लागतो, ५७६चं ०.१४ सेकंदात जातं. म्हणून एकीकडे डाउनलोड आणि दुसरीकडे चॅट चालू असेल तर लहान पॅकेटने चॅट हलकं वाटायचं. पण प्रत्येक पॅकेटवर ४० बाइटचा पत्ता लिहावा लागतो. १५००मध्ये तो पावणेतीन टक्के होतो, ५७६मध्ये सात टक्क्यांच्या जवळ. डायल-अपवर हा पत्ता आवळून लिहायची सोय असायची, त्यामुळे तोटा बराच कमी व्हायचा. तरी नुसती मोठी फाइल उतरवायची असेल तर लहान पॅकेटने फायदा काहीच नव्हता.

मग काही लोकांचा वेग खरंच वाढला, तो कसा? रस्त्यात एखादं यंत्र फक्त ५७६चंच पॅकेट घेत असेल तर १५००चं पॅकेट तिथे फोडावं लागायचं. एक तुकडा हरवला की सगळं पॅकेट पुन्हा. अशा ठिकाणी आकडा बदलून फरक पडायचा. म्हणजे नुस्खा खोटा नव्हता, पण सगळ्यांसाठी नव्हता. विंडोज ९८मध्ये पॅकेटचा आकार 'ऑटोमॅटिक' ठेवायची सोय आली आणि या नुस्ख्याची गरज जवळजवळ संपली.

*२. रिसीव्ह विंडो मोठी करा.* समोरच्या सर्व्हरने आपल्या 'मिळालं' या उत्तराची वाट न बघता किती माल पाठवायचा, तो आकडा म्हणजे रिसीव्ह विंडो. विंडोज ९५मध्ये तो ८,१९२ बाइट होता. आता हिशेब बघा. ५६ केबीपीएस वेग आणि जाऊन-येऊन अर्धा सेकंद धरला तरी तारेत एका वेळी २८,००० बिट, म्हणजे ३,५०० बाइटच मावतात. विंडो आधीच दुपटीहून मोठी होती. आणखी वाढवून तार रुंद होत नाही. उलट सर्व्हरकडे मालाची रांग लागायची आणि दुसरं पान उघडायला उशीर व्हायचा. डायल-अपसाठी हा नुस्खा निकामी.

*३. पोर्टचा वेग १,१५,२०० करा.* हा खरा होता. मोडेम मजकूर दाबून लहान करून पाठवायचे. साधा मजकूर दोन-तीन पट लहान व्हायचा. म्हणजे तारेत ३३.६ असलं तरी मोडेमपासून कॉम्प्युटरपर्यंत ७०-१०० केबीपीएस येऊ शकत होतं. मधला पोर्ट १९,२००वर अडकला असेल तर तिथेच कोंडी. मात्र फोटो, गाणी, झिप फाइल आधीच दाबलेल्या असतात, त्यात काही फायदा नाही. आणि एक गैरसमज : काही कॉम्प्युटरवर कोपऱ्यात 'कनेक्टेड ॲट १,१५,२०० बीपीएस' दिसायचं. तो पोर्टचा आकडा होता, लाइनचा नव्हे. ते बघून खूश झालेले बरेच होते.

*४. मोडेमचा वेग मुद्दाम कमी करा.* ऐकायला उलटं वाटतं, पण खराब लाइनवर सगळ्यात कामाचा नुस्खा हाच. खरखर असलेल्या लाइनवर मोडेम ४४ वगैरे पकडायचा, मग चुका वाढल्या की थांबून पुन्हा वेग ठरवत बसायचा. त्यात बरेच सेकंद जायचे, कधी लाइनच सुटायची. त्याला ३३.६ किंवा २८.८वर बांधून ठेवलं की तो न थांबता चालत राहायचा. रस्ता खड्ड्यांचा असेल तर गाडी बेताने चालवणारा आधी पोचतो, तसंच हे.

*५. मोडेमचं सॉफ्टवेअर अपडेट करा.* व्ही.९० ठरायच्या आधी ५६ केचे दोन पंथ होते, एक्स-टू आणि के-५६ फ्लेक्स. आपला मोडेम एका पंथाचा आणि सर्व्हरकडचा दुसऱ्या पंथाचा असला की दोघांना ३३.६वर समझोता करावा लागायचा. अशा मोडेमला व्ही.९०चं नवं सॉफ्टवेअर घालून खरोखर फरक पडायचा.

*६. विंडोज २० टक्के नेट स्वतःसाठी दाबून ठेवतं, ते सोडवा.* विंडोज एक्सपीच्या काळात हा नुस्खा वणव्यासारखा पसरला. खोटा. ती २० टक्के जागा एखाद्या प्रोग्रॅमने खास मागितली तरच राखली जायची. कुणी मागत नसेल तर १०० टक्के सगळ्यांना मोकळी. मायक्रोसॉफ्टने हे स्वतः सांगितलं होतं. तरी हा नुस्खा अजून फिरतो.

*७. फोटो बंद करून पान उघडा.* शंभर टक्के खरा. ५० केबीचा एक फोटो ३३.६वर १२ सेकंद घेतो. पानावर असे सहा फोटो असतील तर सव्वा मिनिट गेला. ब्राउझरमध्ये फोटो बंद केले की मजकूर काही सेकंदांत समोर. मराठी वाचकांना तर आणखी एक अडचण होती. युनिकोड रुळायच्या आधी बऱ्याच मराठी साइटचा फॉन्ट वेगळा असायचा. आधी फॉन्ट उतरवायचा, मग बातमी वाचायची.

मग खरा वेग कुठे अडत होता?

बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या बाहेर. खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये गंजलेला जोड, पावसात पाणी शिरलेली केबल, झाडाला घासणारी तार, घरात एकाच लाइनवर जोडलेले दोन-तीन फोन. यातलं काहीही मोडेमला चालत नाही. बोलताना आपण खरखरीतूनही समजून घेतो, मोडेमला तेवढी समज नाही.

त्यासाठी एक सोपी तपासणी होती आणि लँडलाइन असेल तर ती आजही चालते. रिसीव्हर उचलायचा, एक आकडा दाबायचा म्हणजे डायल टोन थांबते. मग कान देऊन ऐकायचं. शांत असेल तर लाइन चांगली. सूं-सूं, टिक-टिक किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर दोष तारेत आहे. मग रोझेटपासून मोडेमपर्यंतची वायर बदलून बघायची, जास्तीचा फोन काढायचा, आणि तरी आवाज येत असेल तर लाइनमनला सांगायचं. कॉल वेटिंग चालू असेल तर तेही बंद करायचं, कारण मध्येच आलेल्या 'टूं' आवाजाने कनेक्शन तुटायचं. या चार गोष्टींनी जो फरक पडायचा, तो रजिस्ट्रीच्या चाळीस आकड्यांनी पडत नसे.

गावचं एक्सचेंज हाही एक भाग. १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी छोटी एक्सचेंज बनवली, एसीच्या खोलीशिवाय चालणारी. त्यांनी देशभर गावागावांत टेलिफोन पोचवला, हे मोठं काम झालं. पण ती यंत्रणा बोलण्यासाठी होती. बैहर, लांजीकडच्या जंगलपट्ट्यात घरं विखुरलेली, म्हणून तारा लांब. जितकी तार लांब तितका सिग्नल मंद. वर वीज गेली, ढग गडगडले की मोडेमची भीती वेगळीच. पावसाळ्यात तार काढून ठेवायची सवय होती, ती उगीच नाही.

धार आणि वारणानगर काय सांगतात?

डायल-अपवर गावाचं काम चालवायचा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. १ जानेवारी २०००ला धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' सुरू झालं. गावोगावी सूचनालय नावाची केंद्रं, त्यात कॉम्प्युटर आणि मोडेम, आणि धारच्या जिल्हा पंचायतीत सर्व्हर. शेतकऱ्याला मंडीचे भाव, खसऱ्याची नक्कल, तक्रार अर्ज अशा सोयी तिथे मिळायच्या. त्याच वर्षी या प्रयोगाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. अडचण आली ती दोन ठिकाणी, टेलिफोनची लाइन आणि वीज. केंद्रचालक कितीही हुशार असला तरी लाइन नसेल तर तो कॉम्प्युटरसमोर बसून राहणार. मंडीचा भाव मात्र थोडक्यात यायचा, कारण तो दोन-चार ओळींचा मजकूर असतो. खराब लाइनवरही हलकं काम होऊन जातं.

दुसरं उदाहरण महाराष्ट्रातलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. सुमारे ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रं. ऊस किती गेला, पैसे किती जमा झाले, हे शेतकऱ्याला गावातच कळावं हा हेतू. काही वर्षांनी बघितलं तर शेतकरी मुख्यतः तेवढीच माहिती विचारत होते. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून बघितलं. तेच काम झालं, तेही स्वस्तात. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात. शेतकऱ्याला हवं असलेलं उत्तर तेवढ्यात बसत होतं.

दोन्हीकडचा धडा एकच. तारेची रुंदी आपल्या हातात नसते, मालाचं वजन आपल्या हातात असतं. डायल-अपच्या शेवटच्या काळात जे 'वेब ॲक्सिलरेटर' खरंच चालायचे, ते हेच करायचे. त्यांचा सर्व्हर पान आधी स्वतः उतरवून घ्यायचा, फोटो लहान करायचा, मजकूर दाबायचा आणि हलकं करून आपल्याला पाठवायचा. मोबाइलवर ओपेरा मिनी गावागावांत चाललं ते याच युक्तीवर.

आता मोबाइलचं बघू

*एपीएन बदलणं.* एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव. नाव चुकीचं असेल तर दार उघडत नाही, बरोबर असेल तर उघडतं. 'फास्ट एपीएन' असं काही नसतं. फोन नवा असेल, दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं असेल आणि नेट अजिबातच चालत नसेल, तेव्हा एपीएन तपासा. व्हिडिओ बघून काहीबाही भरलं असेल तर 'रीसेट टू डिफॉल्ट' करून टाका.

*डीएनएस बदलणं.* डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी वही. कंपनीची वही सुस्त असेल तर पान उघडायला सुरुवात लवकर होईल. फाइल उतरण्याचा वेग वाढणार नाही.

*विमान मोड चालू-बंद करणं.* हे खरं आहे. फोन दूरच्या किंवा गर्दीच्या टॉवरला चिकटून बसलेला असतो, कधी २जीवर अडकलेला असतो. विमान मोड दहा सेकंद लावून काढला की तो नव्याने टॉवर शोधतो.

*फक्त ४जी करून ठेवणं.* ४जीचा सिग्नल येत असूनही फोन २जीवर उतरत असेल तर उपयोग होतो. पण आपल्या फोनमध्ये ४जीवरून कॉलची सोय चालू नसेल तर कॉल येणं बंद होऊ शकतं. घरात म्हातारं माणूस असेल, कॉल महत्त्वाचा असेल, तर हे करू नका.

*डेटा सेव्हर.* खरा. मागच्या बाजूला चालणारी ॲप आणि अपडेट थांबतात, आणि उघडलेल्या पानाला पूर्ण वाट मिळते.

*दिवसाचा डेटा संपल्यावर.* यावर कुठलंच सेटिंग चालत नाही. ६४ केबीपीएसची मर्यादा कंपनीच्या यंत्रणेत लावलेली असते, आपल्या फोनमध्ये नाही. डायल-अपला एक्सचेंज अडवायचं, आज प्लॅन अडवतो. इथे फक्त वजन कमी करता येतं. मोबाइलने काढलेला ३ एमबीचा मार्कशीटचा फोटो ६४ केबीपीएसवर जायला सव्वासहा मिनिटं लागतात, तेही लाइन न तुटता. तोच फोटो लहान करून १०० केबीचा केला तर साडेबारा सेकंद. शेवटच्या तारखेला फॉर्म भरणाऱ्या मुलांसाठी हा फरक फार मोठा आहे. फोटो, सही, मार्कशीट सकाळीच लहान करून फोनमध्ये ठेवा, आणि फॉर्म डेटा शिल्लक असतानाच भरा.

सीमेवरच्या लोकांसाठी एक कामाचं सेटिंग

रजेगाव, खैरलांजी, लांजीकडच्या सीमेवरच्या गावांत एक वेगळीच गंमत होते. सिम मध्य प्रदेश सर्कलचं, पण फोन पकडतो नदीपलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्याचा, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचा टॉवर. रेंज फुल दिसते आणि नेट शून्य. अशा वेळी बरेच लोक एपीएनशी खेळत बसतात. काही सिमवर कारण एवढंच असतं की 'डेटा रोमिंग' बंद आहे. ते चालू केलं की नेट सुरू. देशातल्या देशात रोमिंगला आता बहुतेक प्लॅनमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत, तरी आपला प्लॅन एकदा विचारून घ्या. तिकडून इकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू.

बूस्टर ॲपपासून लांब राहा

डायल-अपच्या काळात 'स्पीडअप' सॉफ्टवेअरने फार तर विंडोज बिघडायचं. आज धोका मोठा आहे, कारण त्याच फोनमध्ये बँक आणि ओटीपी आहेत. ॲप टॉवरची क्षमता वाढवू शकत नाही. ते व्हीपीएनची परवानगी मागत असेल तर आपला सगळा माल त्याच्या सर्व्हरवरून जाणार. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर ते आपली स्क्रीन वाचू शकतं. वेग वाढणार नाही, खात्यावर मात्र डोळा बसेल. अशी परवानगी दिली असेल तर आजच काढा.

दोष टॉवरचा असेल तर

सगळे उपाय करून, घराबाहेर मोकळ्यावर उभं राहूनही नेट चालत नसेल, आणि शेजारच्या त्याच कंपनीच्या सिमवरही तेच होत असेल, तर दोष आपल्या फोनचा नाही. स्वतःला किंवा दुकानदाराला दोष देण्यापेक्षा तक्रार करा.

१. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर सकाळ, दुपार, रात्री वेग मोजा आणि लिहून ठेवा. डेटा शिल्लक असताना मोजा.
२. कंपनीच्या १९८ नंबरवर तक्रार द्या. हा नंबर मोफत आहे. डॉकेट नंबर मागून घ्या, तोच आपला पुरावा.
३. समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत जा.
४. तिथेही झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार टाका. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, हे लक्षात ठेवा.

एका माणसाच्या तक्रारीपेक्षा ग्रामपंचायतीच्या ठरावासह दहा डॉकेट नंबर जास्त बोलतात. टॉवर बदलू शकतात. नक्षल प्रभावित भागांतल्या २,३४३ ठिकाणची २जी सेवा ४जी करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२मध्ये घेतला. त्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्यं आहेत. तिथला वेग फोनच्या सेटिंगने वाढणारा नव्हता, टॉवरच बदलायला हवा होता.

एका नजरेत

- तारेची किंवा प्लॅनची मर्यादा कुठल्याही सेटिंगने वाढत नाही.
- चुकीचं सेटिंग वेग कमी करू शकतं. ते दुरुस्त केलं की हक्काचा वेग परत मिळतो, जास्तीचा नाही.
- वजन कमी करणं, म्हणजे फोटो लहान करणं आणि मागची ॲप थांबवणं, नेहमी चालतं.
- लाइन किंवा टॉवरचा दोष घरात बसून सुटत नाही. मोजा, नंबर घ्या, तक्रार करा.

अमेरिकेतल्या एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद केली. मोडेमचा आवाज आता नव्या पिढीने ऐकलेलाही नाही. पण कुणी एक आकडा बदलून नेट दुप्पट करून देतो म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा : अडलंय कुठे, फोनमध्ये, टॉवरवर की प्लॅनमध्ये? उत्तर 'फोनमध्ये' असेल तरच सेटिंगला हात लावा.